गंजावर पत्रा मारला म्हणजे चासी पक्की?

रत्नागिरी-मालवणकडे मासळी वाहणाऱ्या पिकअपवाल्यांत एक समज रुजला आहे: चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) गंजली की वरून जाड पत्रा वेल्ड करायचा, पुढच्या पावसाळ्यांची चिंता मिटली. नाही मिटत.

चासीचा पोकळ भाग आतूनही गंजतो. बर्फाचं खारं पाणी आत शिरतं, निचऱ्याची भोकं चिखलाने बुजतात, आणि बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आतलं लोखंड पापडासारखं झालेलं असतं. त्यावर वेल्डिंग धरत नाही. भोक पडतं, नाहीतर टाका नुसता चिकटल्यासारखा दिसतो. दोन पत्र्यांच्या फटीत खारट ओल अडकते ती वेगळीच. जाड पत्र्याने ताकद वाढते हेही अर्धसत्य. ठिगळ ताठ होतं, भार त्याच्या कडेला एकवटतो आणि पुढची चीर तिथूनच जाते.

खरी दुरुस्ती कापण्यापासून सुरू होते. हातोडीने ठोकत जायचं, खणखणीत आवाज येईल तिथवर कापायचं, ग्राइंडरने चकचकीत धातू काढून मूळ जाडीचाच तुकडा जोडायचा. त्याआधी चासीला आधार, बॅटरीची वायर सुटी, डिझेलची टाकी बाजूला. वेल्डिंगने आतला रंग जळतो, म्हणून शेवटी पोकळीत गंजरोधक मेण फवारायचं. नेमकं हेच बहुतेक जण टाळतात. स्प्रिंगच्या हँगरजवळ, म्हणजे स्प्रिंग चासीला जिथे अडकवलेली असते तिथे, गंज असेल तर मात्र नाक्यावरच्या वेल्डरवर भागवू नये.