अ‍ॅप चालतंय ना, मग वॉर्निंग कशाला बघायची?

अ‍ॅपचं कोडिंग शिकणाऱ्या बऱ्याच जणांचा हा प्रश्न असतो. अ‍ॅप व्यवस्थित चालतंय, तरी कंपायलर (कोड फोनला चालेल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम) 'डेप्रिकेटेड', म्हणजे 'हे जुनं झालं, आता वापरू नका', अशी वॉर्निंग देतो, काय बिघडलं? बिघडलेलं असू शकतं, फक्त तुमच्या फोनवर दिसत नाही.

कॉटलिनचं, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप लिहायच्या भाषेचं, उदाहरण घ्या. अक्षरं लहान करायला टूलोअरकेस नावाचं फंक्शन होतं, २०२१ मध्ये कॉटलिन १.५ आलं आणि ते डेप्रिकेट झालं, आता लोअरकेस वापरा. नुसतं नाव बदललं असं वाटतं, पण जुनं फंक्शन फोनची भाषा बघून अक्षर बदलायचं. तुर्कीत आय दोन आहेत, टिंबवाला आणि बिनटिंबाचा, आणि मोठा बिनटिंबाचा आय लहान केला तरी बिनटिंबाचाच राहतो. सर्व्हरवरून कॅपिटलमध्ये 'इमेज' हा इंग्रजी शब्द आला, कोडने तो लहान करून तपासला, इंग्रजी फोनवर जुळला, तुर्की फोनवर पहिलंच अक्षर वेगळं!

कंपायलरला हे कळतं कसं, तो भाग मला फार आवडतो. लायब्ररी, म्हणजे आपण वापरतो तो तयार कोड, लिहिणारा फंक्शनवर एक खूण करतो, तिला अ‍ॅनोटेशन म्हणतात, आणि लायब्ररी कंपाईल झाली तरी ती खूण फाईलमध्ये राहते. तुमचा कोड वाचून कंपायलर आधी त्याच्या रचनेचं फांद्याफांद्यांचं झाड बनवतो, मग झाडातलं एकेक नाव नेमक्या कुठल्या फंक्शनचं ते पॅरामीटरचे (फंक्शनला दिलेल्या गोष्टींचे) टाईप बघून ठरवतो आणि मग त्या फंक्शनवर खूण आहे का बघतो. म्हणजे हा नुसता शब्दांचा शोध नाही, त्याच नावाचं फंक्शन तुम्ही स्वतःच्या क्लासमध्ये लिहिलंत तर वॉर्निंग येणार नाही. खुणेला पातळ्याही असतात, वॉर्निंग (नुसती सूचना), एरर (कोड कंपाईलच होत नाही), हिडन (नव्या कोडला फंक्शन दिसतच नाही). टूलोअरकेस कॉटलिन २.१ मध्ये एररवर गेलं.

'परत बिल्ड केलं, म्हणजे कोडपासून पुन्हा अ‍ॅप बनवलं, की वॉर्निंग जाते' ही मात्र शुद्ध अंधश्रद्धा आहे. न बदललेली फाईल दुसऱ्या वेळी कंपाईलच होत नाही म्हणून वॉर्निंग छापली जात नाही, क्लीन करून (आधी बनलेल्या फाईली पुसून) बिल्ड करा, परत हजर.

आणि एडिटरने सुचवलेला बदल डोळे झाकून घेऊ नका. इथे तो लोअरकेस घालतो पण कंसात फोनचीच भाषा देतो, कारण जुनं वागणं बदलायचं नसतं. वॉर्निंग जाते, तुर्की फोनवरचा बग तिथेच राहतो. तपासणीसाठी शब्द लहान करताय तर तो कंस रिकामा ठेवा.