अकरावीची पुस्तकं रद्दीत गेली तेव्हा : कोल्हापुरातल्या मेडिकलच्या तयारीची पार्श्वभूमी

खेड्यातल्या पोरांनी कोल्हापुरात राहून शिकायचं, ही रीत शाहूकालीन बोर्डिंगांइतकी जुनी. पहिलं बोर्डिंग १९०१ सालचं. पण एकाच परीक्षेसाठी दोन वर्षं खोली घेऊन राहायचं, हे अलीकडचं. बराच काळ मेडिकलला बारावीचे मार्क चालायचे. पुढे राज्याची स्वतःची प्रवेश परीक्षा, सीईटी, आली, तरी बोर्डाचा शेवटचा पेपर देऊन राजारामपुरीत क्रॅश कोर्स लावला की भागायचं.

मेडिकल प्रवेशाची देशभराची एकच परीक्षा, नीट, २०१३ मध्ये एकदा झाली आणि त्याच वर्षी न्यायालयाने ती रद्दही केली. त्यामुळे ती पुन्हा येईल, हे इथे फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

२८ एप्रिल २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला : याच वर्षापासून नीट. राज्याची सीईटी होती ५ मे रोजी. हॉल तिकिटं हातात आलेली. मुलांनी पेपर दिला, पण तो धरणार की नाही, ते कोण सांगणार? आपापल्या परीक्षा चालू ठेवू द्या, ही राज्यांची विनंतीही ९ मे रोजी फेटाळली गेली. सीईटी बारावीच्या अभ्यासक्रमावर, चुकीला मार्क कापले जात नव्हते. म्हणून क्लासमध्ये घोकून घेतलेलं, 'एकही गोल मोकळा सोडायचा नाही.' नीटला १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक गुण वजा, आणि अकरावीही अख्खी. आजऱ्याहून आलेल्या एका मुलीने अकरावीची पुस्तकं बारावी सुरू होतानाच रद्दीत घातली होती. मे महिन्यात ती मैत्रिणीकडून बायोलॉजीचं पुस्तक आणून रात्री वहीत उतरवत बसलेली मी पाहिली. वनस्पतींच्या वर्गीकरणापासून सुरुवात.

२४ मे रोजी केंद्राचा अध्यादेश निघाला आणि राज्याच्या कोट्यातल्या जागांना त्या वर्षापुरती नीटमधून सूट मिळाली. न्यायालयाचा निकाल राजकारणाने फिरवला, अशी टीका तेव्हा झाली, आजही होते. एक परीक्षा असावी, हे मलाही पटतं. पण पेपरला आठवडा उरलेला असताना नियम बदलला, तर त्याची झळ क्लासवाल्यांना नाही, चंदगड-राधानगरीच्या पोरांना बसते. तो अध्यादेश निघाला नसता, तर त्यांचं वर्ष गेलं असतं. अभिमत विद्यापीठांत जायचं होतं त्यांना मात्र २४ जुलैची नीट चुकली नाही.

२०१७ पासून सूट संपली. पेपर मराठीत मिळू लागला, पण शिकवणी इंग्रजीतच राहिली. सीईटीचा क्रॅश कोर्स मेडिकलवाल्यांच्या कामाचा उरला नाही. दहावीचा निकाल लागायच्या आतच दोन वर्षांच्या बॅचची चौकशी सुरू झाली. त्यातून इंटिग्रेटेड कॉलेजं वाढली : नाव एका कॉलेजात, दिवसभर बसायचं क्लासमध्ये, कॉलेजचं तोंड प्रॅक्टिकलपुरतं बघायचं. पहिल्या वेळी जमलं नाही, तर रिपीटरची वेगळी बॅच.

२०२० मध्ये ७०:३० चा विभागीय कोटाही गेला. तोवर आपल्या विभागातल्या ७० टक्के जागा विभागातल्याच मुलांना असायच्या. आता कोल्हापूरच्या सरकारी कॉलेजातल्या राज्य कोट्याच्या जागेसाठीही स्पर्धा लातूर-नांदेडच्या मुलांशी थेट आहे, आणि इथली काही मुलं दहावीनंतरच तयारीसाठी लातूरची गाडी धरतात.