मुरलेली रेड वाईन आणि बेळगावकडचे ताट

‘मटणाबरोबर रेड वाईन’ हा नियम बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हॉटेलांत आणि घरांत तयार स्वरूपात येऊन पोहोचला, पण ज्या जेवणपद्धतीतून तो घडला ती पद्धत त्याच्याबरोबर आली नाही. त्यामुळे जपून ठेवलेली जुनी बाटली आपल्या ताटाशेजारी अनेकदा फिकी वाटते, आणि तो दोष वाईनचाही नसतो, स्वयंपाकाचाही नसतो.

वाईन बाटलीत मुरवणे ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत जाड, मजबूत काच तयार होऊ लागली, तिला बुचाची जोड मिळाली, आणि अठराव्या शतकात बाटलीचा आकार आडवी ठेवता येईल इतका सरळ झाल्यावर बूच ओले राहून वाईन वर्षानुवर्षे टिकू लागली. या काळात द्राक्षाच्या साली-बियांतून आलेले टॅनिन एकमेकांना चिकटून गाळ होऊन तळाशी बसते, तुरटपणा मवाळ होतो आणि ताज्या फळाच्या जागी चामडे, अळंबी, ओली माती अशा छटा येतात.

पदार्थागणिक वाईन निवडण्याची रीत तर त्याहूनही नवी आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत फ्रान्समधील श्रीमंतांच्या मेजावर अनेक पदार्थ एकाच वेळी मांडले जात. पुढे एकामागून एक पदार्थ वाढण्याची ‘रशियन’ पद्धत रुळली आणि मगच प्रत्येक पदार्थासोबत वेगळा पेला ठेवणे शक्य झाले. आपले ताट आजही त्या जुन्या फ्रेंच मेजासारखे आहे: सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी, कांदा-लिंबू, सारे एकदम. मला या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

या भागाला युरोपीय वाईनची ओळख नवी नाही. घाटाखालच्या गोव्यात १५१० ते १९६१ पोर्तुगीज होते, आणि तिथल्या विंदालूच्या नावातच पोर्तुगीज भाषेतील वाईन आणि लसूण आहेत, जरी गोव्यात वाईनची जागा माडीच्या व्हिनेगरने घेतली. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि पुढे छावणी वसली. त्या काळी भारतातल्या इंग्रजांच्या मेजावर मदेराला मोठे स्थान होते, कारण ब्रँडी मिसळलेली ही वाईन जहाजातल्या उष्णतेत बिघडण्याऐवजी सुधारत असे. साध्या रेड वाईनला तो प्रवास मानवत नसे. स्वातंत्र्यानंतर, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असताना, १९४९ चा दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. कर्नाटकातील वाईन उद्योगाला आकार आला तो १९८८ मध्ये नंदी हिल्सच्या पायथ्याशी सुरू झालेल्या ग्रोव्हरच्या मळ्यांपासून, आणि राज्याचे वाईन धोरण आले २००७ मध्ये. अथणी-विजापूर पट्ट्यात द्राक्षे भरपूर असली तरी ती मुख्यतः खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी पिकतात.

ताटातला खरा निर्णय मिरचीचा असतो. तिखटाने आधीच भाजलेल्या जिभेला मद्यार्क आणि तुरटपणा अधिक झोंबतात, आणि जुन्या वाईनच्या नाजूक छटा तर पहिल्या घोटातच हरवतात. संकेश्वरी मिरचीच्या झणझणीत रश्शासमोर मुरलेली बाटली उघडणे मला वाया घालवणे वाटते. ब्याडगी मिरची रंग देते, पण जाळत नाही, म्हणून तिच्यात मंद आचेवर शिजवलेले सुके मटण अशा वाईनला मानवते.

आमच्या घरी बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवतो, म्हणजे गाळ खाली बसतो. मे महिन्यात ती जेवणाआधी थोडा वेळ फ्रिजमध्येही जाते, कारण युरोपातल्या थंड घरांतले ‘खोलीचे तापमान’ १६ ते १८ अंशांचे होते. मग मानेखाली दिवा धरून वाईन सावकाश काचेच्या जगमध्ये ओततो आणि मानेशी काळसर रेघ दिसताच हात थांबवतो. पहिला पेला पांढऱ्या रश्श्यातल्या मऊ मटणाबरोबर, दुसरा सुक्याबरोबर. तांबड्या रश्श्याची वाटी पेले रिकामे झाल्यावरच ताटात येते.