शहर वसवणाराच जमिनीचा व्यापारी: नवी मुंबईच्या श्रेयाचा जुना वाद

२०२१च्या जून महिन्यात, कोरोनाची धास्ती अजून गेलेली नसताना, ठाणे-रायगडमधले आगरी, कोळी आणि कराडी गावकरी हजारोंनी रस्त्यावर आले. १० जूनला मानवी साखळी झाली, २४ जूनला बेलापूरच्या सिडको भवनावर, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या मुख्यालयावर, घेरावासाठी मोर्चा आला. निमित्त होते नवी मुंबईच्या नव्या विमानतळाच्या नावाचे. सिडकोच्या संचालक मंडळाने बाळासाहेब ठाकरे यांचे नाव सुचवले होते, गावांना जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचे हवे होते. मुंबईकरांपैकी अनेकांनी तेव्हा हे नाव पहिल्यांदाच ऐकले. ज्यांनी ऐकले होते त्यांनाही नावापायी एवढे पेटण्यासारखे काय आहे, हे कळत नव्हते. नावाखाली दबलेला प्रश्न वेगळाच आहे आणि तो पन्नास वर्षांहून जुना आहे: हे शहर वसवले कोणी, आणि कोणाच्या पैशाने?

पाठ्यपुस्तकी उत्तर सोपे आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. दोन वास्तुरचनाकार आणि एक अभियंता. मुंबई महापालिकेचा विकास आराखडा १९६४च्या सुमारास चर्चेत आला, तेव्हा या तिघांनी उलटा विचार मांडला. मुंबई म्हणजे समुद्रात शिरलेली चिंचोळी पट्टी. कामधंदा सगळा दक्षिण टोकाला आणि वस्ती उत्तरेकडे सरकत चाललेली. सकाळी सगळे खाली, संध्याकाळी सगळे वर. त्यापेक्षा खाडीपलीकडच्या मुख्य भूमीवर दुसरे शहर उभारा, असे त्यांचे म्हणणे. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात ते सविस्तर छापून आले. कल्पना अगदीच आभाळातून पडली नव्हती. खाडीवर पूल बांधून पलीकडे पसरावे, हे बर्वे समितीने १९५९ मध्येच सुचवले होते. पुढे गाडगीळ समितीनेही विकेंद्रीकरणाच्या बाजूने कौल दिला. १९६६ मध्ये प्रादेशिक व नगररचना कायदा आला आणि १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. पटेल नियोजनाचे प्रमुख झाले, कोरिया मुख्य वास्तुरचनाकार. दोघेही सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत होते.

सिडकोच्या पदरात सरकारने रोख टाकले ते ३ कोटी ९५ लाख रुपये. ३४४ चौरस किलोमीटरचे, २० लाख माणसांचे शहर उभे करायला हे भांडवल म्हणजे चेष्टाच. खरे भांडवल होती जमीन. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन शेतीच्या भावाने संपादित करायची, तिथे रस्ते, पाणी, गटारे आणायची, मग भूखंड पाडून शहराच्या भावाने विकायचे आणि त्या फरकातून पुढचे शहर बांधायचे. सरकारी तिजोरीला तोशीस नाही. पुढे मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ मध्ये सुरू झाली, तिच्याही खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला. रेल्वेच्या वाट्याला ३३ टक्के. देशात असे उदाहरण विरळाच.

या हिशेबामागचा हेतू वाईट नव्हता, हे आधी म्हटले पाहिजे. शहर आले की आजूबाजूच्या जमिनीला सोन्याचा भाव येतो. तो भाव सट्टेबाजांच्या खिशात न जाता शहराच्या सोयींसाठी परत यावा, असा तो विचार होता. मुंबईत वर्षानुवर्षे जमिनीचे जे झाले ते पाहिल्यावर तो पटतोही. फक्त या मांडणीत जमिनीचा पहिला मालक कुठेच बसत नव्हता. खरेदी-विक्रीतल्या ज्या फरकावर शहर उभे राहणार होते, तो फरक निम्मा त्याच्या सातबाऱ्यातून निघणार होता. नगररचनाकार आणि जमिनीचा व्यापारी एकाच खुर्चीत बसला की शेतकऱ्याला दिलेला प्रत्येक वाढीव रुपया शहराच्या खात्यात तोटा म्हणून लागतो. पुढचे सगळे भांडण इथून सुरू होते.

आणि जमीन कसली होती? नकाशावर पाहणाऱ्याला खाजण, दलदल, मिठागरे दिसली. गावाच्या लेखी ती खारबंदिस्ती होती. समुद्राच्या बाजूने मातीचा बांध, पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाडी, आत भाताची खाचरे आणि खाचरालगतच्या तळ्यात जिताडा मासा. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की गाव रात्रीबेरात्री चिखल उपसायला धावायचे, कारण एकदा खारे पाणी आत शिरले की पुढची काही पिके गेलीच. पिढ्यान्‌पिढ्या राबून समुद्राकडून मिळवलेली ही जमीन सरकारी मोजणीत मात्र पडीक किंवा हलक्या प्रतीची ठरायची.

त्यात मालकीचा इतिहास ताजा. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात शेतकरी हा खोताचे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचे, कूळ होता. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायला नकार दिला आणि तो संप सहा वर्षे चालवला. कूळकायद्याने 'कसेल त्याची जमीन' हे प्रत्यक्षात आले ते १ एप्रिल १९५७चा कृषक दिन ठरल्यावर. त्याच वर्षी जासईचा एक तरुण वकील शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकापच्या) तिकिटावर पनवेलमधून विधानसभेत गेला: दि. बा. पाटील. १९५७ ते १९७० म्हणजे तेरा वर्षे. सातबाऱ्यावर नाव चढून पुरती एक पिढीही झाली नव्हती, तोच संपादनाची अधिसूचना आली. सिडकोविषयी गावांत जो कडवटपणा आहे त्याचे मूळ, मला वाटते, भावापेक्षा या तेरा वर्षांत जास्त आहे. खोत गेला आणि सिडको आली, असे जुनी माणसे म्हणतात ते उगाच नाही.

भावाची गोष्टही साधी नव्हती. तेव्हाच्या, १८९४च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदला ठरायचा तो प्राथमिक अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाने. अधिसूचना १९७०ची, निवाडे आणि ताबे मात्र पुढे वर्षानुवर्षे रेंगाळले. तोवर खाडीवर पूल झाला, वाशीत इमारती उभ्या राहिल्या, शेजारच्या भूखंडाचा भाव गावकऱ्याच्या डोळ्यांदेखत चढत गेला, आणि त्याच्या खाचराला भाव मिळायचा तो भाताच्या शेताचा.

१९८४च्या जानेवारीत हे फुटले. न्हावा-शेवा बंदरासाठी उरण भागात जमिनी ताब्यात घेण्याचे काम सुरू होते. १६ आणि १७ जानेवारीला जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि नवघर परिसरात शेतकरी अडवायला उभे राहिले. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी गेले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. डिसेंबरमध्ये लोकसभा निवडणूक झाली. इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना कुलाब्याने दि. बां.ना निवडून दिले. जासई आणि पागोटे इथे आजही त्या दिवशी हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

त्या आंदोलनातून जे निघाले ते साडेबारा टक्के. १९९०च्या शासननिर्णयाने ठरले की संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची. प्रत्यक्षात सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापून हातात येतात पावणेनऊ टक्के. तरीही तत्त्व मोठे होते: ज्याची जमीन गेली तो शहराच्या भाववाढीत भागीदार आहे, हे सरकारने मान्य केले. दि. बां.चा खरा वारसा हाच, आणि कोरिया-पटेलांच्या हिशेबात राहिलेली जागा त्याने भरून काढली असे मी म्हणेन.

पण अंमल कसा झाला? भूखंडाची सोडत वर्षानुवर्षे होईना. वारसनोंद, भावकीतले वाद, तालुका आणि सिडको यांच्यातल्या फेऱ्या. तोवर घरात लग्न, आजारपण. मग 'फाईल' विकली जाऊ लागली. भूखंड हातात नाही, कुठल्या सेक्टरला मिळणार ते ठाऊक नाही, पण पात्रतेची फाईल आहे. ती एखादा गुंतवणूकदार करारावर उचलतो. भूखंड मिळाला की सिडको, शेतकरी आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार, आणि वर इमारत. कोणी बंगला बांधला, गाडी घेतली. कोणाची रक्कम दोन पावसाळे टिकली नाही. ज्यांनी फाईल दाबून धरली ते आज बरे आहेत. ज्याचे नाव सातबाऱ्यावरच नव्हते, म्हणजे मिठागरातला मजूर किंवा खाडीवर जाळे टाकणारा कोळी, त्याच्या हाती या टक्केवारीतून फारसे काही लागायचे कारणच नव्हते. दि. बां.च्या वारशावर टीका करणाऱ्यांचे बोट इथेच असते, आणि ते चूक नाही.

घरांचीही तीच गत. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये कोरियांनी १९८०च्या दशकात छोटी बैठी घरे बांधली. सात घरांच्या मध्ये आठ मीटर लांब-रुंद चौक, आणि एका घराची भिंत दुसऱ्याला लागलेली नाही, म्हणजे कुटुंब वाढेल तसे घर वाढवता यावे. या वसाहतीचे जगभर कौतुक झाले. त्याच काळात गावठाणांतली कुटुंबेही वाढत होती, पण गावठाणाची हद्द जिथल्या तिथे. मुलाचे लग्न झाले, हद्दीबाहेर आपल्याच जुन्या जमिनीवर दोन खोल्या काढल्या, की ते अतिक्रमण. नंतर भाडेकरू आले, खोल्यांचे मजले झाले. घणसोली, कोपरखैरणे, तळवली इथे फिरून आलात तर दोन इमारतींमधून आकाशाची पट्टीही धड दिसत नाही. सरकारी भाषेत यांना 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. ती नियमित करण्याचे शासननिर्णय वारंवार निघाले. घर वाढवण्याच्या गरजेला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये रचनेचा गुण मानले गेले आणि गावठाणात गुन्हा, हा भेद मला आजवर कोणी समजावून दिलेला नाही.

सिडकोवर नाराज फक्त गाववाले नाहीत. घर विकत घेणाऱ्यालाही जमीन मिळते ती ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. फ्लॅट विकायचा तर सिडकोला हस्तांतरण शुल्क. म्हणून फ्री होल्डची, म्हणजे जमिनीच्या पूर्ण मालकीची, मागणी निवडणुकीगणिक येते. लॉटरीतल्या घरांच्या किमतींवरूनही ओरड होते. २०२४च्या २६ हजार घरांच्या योजनेत ती झालीच. स्वस्त घरांसाठी जन्मलेली संस्था निविदेत सर्वात जास्त बोली लावणाऱ्याला भूखंड देते, तेव्हा यात नवल ते काय?

संस्थापकांनाही समाधान नव्हते. मंत्रालय खाडीपलीकडे न्यावे म्हणजे नोकऱ्या आपोआप सरकतील, हा त्यांच्या योजनेचा कणा होता. मंत्रालय हलले नाही, उलट सरकारने नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कार्यालयांसाठी भूखंड विकले. बेलापूरला आले ते विभागीय सरकारी कार्यालयांचे कोकण भवन. नव्या शहराला खरी जान आली घाऊक बाजार वाशीत आल्याने, १९८९ मध्ये बंदर सुरू झाल्याने आणि रेल्वेने. कोरिया २०१५ मध्ये गेले, पटेल २०२४ मध्ये. राजधानी न हलल्याची खंत कोरिया अखेरपर्यंत बोलून दाखवत.

नावाच्या वादात एक गंमत राहून जाते. जवळपास आयुष्यभर शेकापचे असलेले दि. बा. १९९९ मध्ये शिवसेनेत गेले होते. २०१३ मध्ये ते वारले. आठ वर्षांनी ज्या दोन नावांची टक्कर झाली, त्यांतला एक उतारवयात दुसऱ्याच्या पक्षात होता. २९ जून २०२२ला उद्धव ठाकरे यांच्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत दि. बां.च्या नावाला मंजुरी मिळाली. नंतरच्या सरकारने विधिमंडळात ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी दहा वस्त्या उठल्या, उलव्याची टेकडी कापली, नदीचे पात्र वळवले. त्या वेळचा मोबदला साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा होता. १९७०च्या भावाशी तुलना केली तर लढ्याने किती मिळवले ते कळते.

आता विमानतळाच्या आसपासच्या नैना क्षेत्रात नगररचना परियोजनेत शेतकऱ्याकडे ४० टक्के जमीन ठेवून ६० टक्के घेण्याचे सूत्र आहे आणि त्यालाही विरोध आहे. अटल सेतूच्या पलीकडे उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी २०२४ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए) नवनगर प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. लोक या होऊ घातलेल्या नगराला तिसरी मुंबई म्हणतात. तिथल्या बैठकांत पहिला प्रश्न टक्क्यांचा असतो, दुसरा गावठाण मोजून हद्द वाढवून देणार का याचा, आणि तो दुसरा प्रश्न दहा वर्षांनी नव्हे, अधिसूचनेआधीच सोडवा असा आग्रह असतो.