प्रशिक्षक की क्वार्टरबॅक? ओहायो स्टेट आणि मिशिगन यांच्यातील वादाची पार्श्वभूमी

ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन अमेरिकी विद्यापीठांमधला फुटबॉल सामना नोव्हेंबरच्या अखेरीस संपला, की हरलेल्या बाजूच्या चाहत्यांत लगेच दोन तट पडतात. एका तटाला प्रशिक्षक बदलायचा असतो, दुसऱ्याला क्वार्टरबॅक. ओहायो स्टेटचे कोलंबस आणि मिशिगनचे ॲन आर्बर या दोन शहरांमध्ये अंतर जेमतेम ३०० किलोमीटरचे, दोन्ही स्टेडियमची क्षमता एक लाखाहून अधिक, आणि टोलीडो शहराच्या पट्ट्यावरून १८३५-३६ मध्ये ओहायो व मिशिगन या दोन्ही बाजूंच्या सशस्त्र तुकड्या समोरासमोर आल्याचा वारसा; त्यामुळे हा वाद कधीच थंड पडत नाही. मात्र तो ज्या थाटात घातला जातो, म्हणजे दोघांपैकी एक जण कायमच वरचढ असतो असे गृहीत धरून, तो थाट इतिहासाला धरून नाही. प्रशिक्षकाने मैदानाबाहेरून किती हुकूम चालवायचा आणि क्वार्टरबॅकने मैदानात किती ठरवायचे, हे या खेळाच्या नियमपुस्तकाने वेळोवेळी वेगवेगळे ठरवलेले आहे.

अमेरिकी फुटबॉलमध्ये प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो आणि तो पुढे फेकायचा, धावणाऱ्या सहकाऱ्याकडे सोपवायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे त्या चालीच्या आखणीप्रमाणे व समोरच्या बचावफळीची मांडणी पाहून ठरते. क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलण्याचा निर्णय कर्णधार घेतो आणि प्रशिक्षक तंबूत बसून पाहत राहतो. सुरुवातीच्या काळात या खेळातही परिस्थिती साधारण तशीच होती. बाकावरून सूचना देणे नियमबाह्य होते. बदली खेळाडूंवर कडक मर्यादा होत्या, त्यामुळे त्यांच्यामार्फत निरोप धाडण्याची सोयही फारशी नव्हती. प्रशिक्षकाने आठवडाभर शिकवायचे आणि शनिवारी दुपारी हात बांधून उभे राहायचे, असा तो मामला होता.

या दोन संघांची पहिली गाठ १८९७ मध्ये ॲन आर्बर येथे पडली आणि मिशिगनने ३४-० असा विजय मिळवला. ओहायो स्टेटला पहिला विजय मिळायला १९१९ साल उजाडावे लागले, आणि त्या १३-३ च्या विजयाचे श्रेय आजही कोलंबसमध्ये चिक हार्ली या हाफबॅकला दिले जाते. क्वार्टरबॅकचे नाव त्या कथेत येत नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. त्या काळच्या अनेक रचनांमध्ये क्वार्टरबॅक हा मुख्यतः वाट मोकळी करून देणारा गडी असे. चेंडू घेऊन धावण्याचा आणि फेकण्याचा मान हाफबॅककडे जाई. मिशिगनचा १९३८ ते १९४० या काळातला क्वार्टरबॅक फॉरेस्ट इव्हाशेव्स्की हा याचा उत्तम नमुना आहे. तो पुढे धावून बचावपटूंना आडवे करायचा आणि मागून टॉम हार्मन चेंडू घेऊन निघायचा. १९४० मध्ये मिशिगनने कोलंबसमध्ये ओहायो स्टेटचा ४०-० असा धुव्वा उडवला, त्या दिवशी हार्मनचा खेळ पाहून यजमानांच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, आणि सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिला जाणारा त्या वर्षीचा हाइझमन करंडकही त्यालाच मिळाला.

प्रशिक्षकाच्या बाजूने बोलणारे त्याच दशकातले दुसरे उदाहरण देतात. फ्रान्सिस श्मिट १९३४ मध्ये ओहायो स्टेटला आले तेव्हा मिशिगनला हरवता येईल का असे त्यांना विचारले गेले. त्यावर तेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून विजार चढवतात, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, आणि पुढची चार वर्षे मिशिगनला एकही गुण मिळू दिला नाही. मिशिगनला हरवणाऱ्या ओहायो स्टेटच्या खेळाडूंना सोनेरी विजारीचे छोटे पदक देण्याची प्रथा त्यातूनच पडली. पण हेच श्मिट पुढचे तीनही सामने हरले आणि १९४० च्या त्या ४०-० नंतर पायउतार झाले. श्मिट बदलले नव्हते. मिशिगनला १९३८ मध्ये फ्रिट्झ क्रिस्लर हे प्रशिक्षक आणि हार्मन हा खेळाडू असे दोघे एकाच वेळी लाभले होते. श्रेय कोणाच्या पदरात किती घालायचे हा पेच तेव्हापासूनचा आहे, आणि माझ्या मते तो या उदाहरणापुरता सुटण्यासारखाही नाही.

२५ नोव्हेंबर १९५० चा सामना मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्या दिवशी हिमवादळाने क्वार्टरबॅकचे काम जवळजवळ रद्दच करून टाकले. कोलंबसच्या मैदानावरच्या रेषा बर्फाखाली दिसेनाशा झाल्या होत्या. चेंडू हातात ठेवणेच धोक्याचे असल्यामुळे दोन्ही संघ तो लाथेने दूर पिटाळत राहिले; मिशिगनच्या चक ऑर्टमनने २४ वेळा, ओहायो स्टेटच्या व्हिक यानोविचने २१ वेळा. मिशिगनने नऊ पास फेकले, त्यांपैकी एकही सहकाऱ्याच्या हाती पोहोचला नाही, आणि संपूर्ण सामन्यात त्यांना एकदाही फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकल्यावर मिळणारी नवी संधी) मिळाला नाही. तरीही ते ९-३ असे जिंकले. पूर्वार्ध संपायला एक मिनिटही उरले नव्हते. वेळ काढून ३-२ अशा आघाडीवर मध्यंतर गाठण्याऐवजी ओहायो स्टेटने चेंडू लाथाडायचे ठरवले, ती लाथ अडवली गेली आणि गोलक्षेत्रात पडलेल्या चेंडूवर झेप घेऊन मिशिगनने टचडाउन (चेंडू गोलक्षेत्रात ताब्यात घेतल्याचे सहा गुण) मिळवला. हा निर्णय प्रशिक्षक वेस फेस्लर यांच्या माथी मारला गेला. यानोविचला त्याच वर्षी हाइझमन मिळाला आणि फेस्लर यांनी काही आठवड्यांत राजीनामा दिला. १९४१ ते १९५० या दहा वर्षांत ओहायो स्टेटचे चार प्रशिक्षक झाले होते. १९५१ मध्ये पाचवा आला, त्याचे नाव वुडी हेज.

हेज यांची २८ वर्षे म्हणजे प्रशिक्षकाची सत्ता कळसाला पोहोचण्याचा काळ, आणि तो योगायोग नव्हता. १९६० च्या दशकाच्या मध्यावर बदली खेळाडूंवरची बंधने उठली, त्यामुळे आक्रमणासाठी एक आणि बचावासाठी दुसरी अशा स्वतंत्र फळ्या पुन्हा उभ्या राहिल्या. १९६७ मध्ये बाकावरून सूचना देणे नियमांत बसले. चाल प्रशिक्षकाने ठरवायची आणि क्वार्टरबॅकने ती बिनचूक पार पाडायची, ही व्यवस्था तिथून रूढ होत गेली. हेज यांना पासचा मुळातच तिटकारा होता. त्यांचा क्वार्टरबॅक बहुतेक वेळा चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी टेकवून बाजूला होई. तरीही १९६८ चा त्यांचा क्वार्टरबॅक रेक्स कर्न याने हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) हेज यांनी आत धाडलेल्या पंटच्या, म्हणजे चेंडू लाथेने दूर पिटाळणाऱ्या तुकडीला हाताने परत पिटाळले आणि स्वतः चेंडू घेऊन पळत हवे तेवढे अंतर कापले. हेज यांच्यासारख्या तापट माणसासमोर दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे धाडस करावे, यातच क्वार्टरबॅकच्या बाजूचा अर्धा युक्तिवाद आला.

त्या वर्षी ओहायो स्टेटने मिशिगनला ५०-१४ असे चिरडले. पुढच्या वर्षी मिशिगनने बो शेंबेकलर यांना नेमले. ते ओहायोचेच, तिथल्याच मायामी विद्यापीठात हेज यांच्या हाताखाली खेळलेले आणि ओहायो स्टेटमध्ये त्यांचे सहायक राहिलेले. सलग २२ सामने जिंकून आलेल्या गुरूच्या संघाला शिष्याने ॲन आर्बरमध्ये २४-१२ असे हरवले. कर्न तोच होता, पण त्या दिवशी त्याचे चार पास मिशिगनच्या हाती गेले. प्रशिक्षकच मोठा असे म्हणणाऱ्यांच्या हाती यापेक्षा सबळ पुरावा नाही: संघातले बरेच खेळाडू आधीच्या प्रशिक्षकाने जमवलेले, आणि बारा महिन्यांत ३६ गुणांच्या पराभवाचा १२ गुणांचा विजय झालेला. मिशिगनचा क्वार्टरबॅकही त्या वर्षी नवा होता, ही बारीकशी गोष्ट ते सहसा सांगत नाहीत.

तिथून सुरू झालेल्या दशकाला ‘दहा वर्षांचे युद्ध’ म्हणतात आणि त्याचा हिशेब शेंबेकलर ५, हेज ४, बरोबरी १ असा आहे. या दशकाची ओळख दोन प्रशिक्षकांच्या नावाने असली, तरी त्यातला सर्वांत कडवट निर्णय एका क्वार्टरबॅकच्या हाडावरून झाला. १९७३ मध्ये दोन्ही संघ अपराजित होते, सामना १०-१० असा बरोबरीत सुटला आणि मिशिगनचा डेनिस फ्रँकलिन याचे गळ्याजवळचे हाड (कॉलरबोन) अखेरच्या टप्प्यात मोडले. त्या काळी दोन्ही विद्यापीठे ज्या गटात खेळतात त्या बिग टेन परिषदेतून एकच संघ ‘रोझ बोल’ या कॅलिफोर्नियातील हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यासाठी जाई. दुसऱ्याला अशा कोणत्याच ‘बोल’ सामन्यात खेळण्याची मुभा नव्हती. दुसऱ्या दिवशी परिषदेच्या क्रीडा संचालकांनी ६-४ अशा मतांनी ओहायो स्टेटला पाठवले. क्वार्टरबॅक जायबंदी झालेला संघ पश्चिम किनाऱ्यावर टिकणार नाही ही भीती त्यामागे होती, असे सर्वत्र मानले गेले. शेंबेकलर यांनी हा राग जन्मभर धरला. फ्रँकलिनची कारकीर्द ३० विजय, २ पराभव आणि १ बरोबरी अशी संपली. ते दोन्ही पराभव आणि ती बरोबरी ओहायो स्टेटविरुद्धचीच, त्यामुळे तो एकाही बोल सामन्यात खेळू शकला नाही. एका हाडाला सबंध प्रशिक्षकापेक्षा जास्त वजन देणारा हा ठराव होता, आणि त्यातून उठलेल्या गदारोळानंतर १९७५ पासून परिषदेने इतर बोल सामन्यांची दारे उघडली.

त्यानंतरच्या काळात प्रशिक्षकांचे आकडे इतके एकतर्फी आहेत की ते नजरेआड करणे कठीण जाते. जॉन कूपर यांनी १९८८ ते २००० या काळात ओहायो स्टेटला १११ सामने जिंकून दिले, पण मिशिगनविरुद्ध त्यांची नोंद २ विजय, १० पराभव आणि १ बरोबरी अशी राहिली. १९९३, १९९५ आणि १९९६ या तीनही वर्षी त्यांचा संघ अपराजित म्हणून या सामन्यात उतरला आणि हरला. २००१ मध्ये जिम ट्रेसेल आले. जानेवारीत बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले, की ३१० दिवसांनी ॲन आर्बरमध्ये तुम्हाला आमचा अभिमान वाटेल. आणि तो सामना त्यांनी २६-२० असा जिंकला. समोर मिशिगनचे लॉइड कार तेच होते. कूपर यांच्याविरुद्ध कार यांचे सहापैकी पाच विजय, ट्रेसेल यांच्याविरुद्ध सातपैकी एक.

असे असले तरी २००४ ते २००६ या तीन विजयांत ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक ट्रॉय स्मिथ होता आणि त्याच्याशिवाय ते तिन्ही जमले असते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. शेंबेकलर यांच्या निधनाच्या दुसऱ्याच दिवशी, १८ नोव्हेंबर २००६ रोजी, देशातले पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे हे संघ भिडले, तेव्हा स्मिथने चार टचडाउन पास फेकले आणि निकाल ४२-३९ असा लागला. मैदानभर पसरलेल्या रचना आणि चेंडू सुटल्यानंतर बचावपटूची हालचाल वाचून घ्यायचे निर्णय यांमुळे तोवर क्वार्टरबॅककडे पुन्हा बरेच अधिकार आले होते.

मात्र या सामन्याची एक गंमत क्वार्टरबॅकच्या पक्षाला अडचणीची आहे: इथे राखीव क्वार्टरबॅक फार वेळा जिंकतात. १९९६ मध्ये मिशिगनला उत्तरार्धात आलेल्या ब्रायन ग्रीसीने तारले. २००१ मध्ये ट्रेसेल यांचा पहिला विजय क्रेग क्रेन्झेलने कारकिर्दीत पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यात आला, कारण नेहमीचा क्वार्टरबॅक निलंबनामुळे मागे पडला होता. २०१४ मध्ये जे. टी. बॅरेटचा घोटा मोडल्यावर कार्डेल जोन्सने सामना संपवला आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. २०१७ मध्ये पुन्हा बॅरेट बाहेर गेला आणि ड्वेन हॅस्किन्सने पिछाडी भरून काढली. उलट दोनदा हाइझमनच्या अंतिम यादीत पोहोचलेला सी. जे. स्ट्राउड मिशिगनला एकदाही हरवू शकला नाही, आणि मिशिगनचा चॅड हेनी चारही वर्षे ओहायो स्टेटकडून हरला. त्यामुळे एखाद्या दुपारचा निकाल क्वार्टरबॅक लावत असला, तरी त्याची जागा रिकामी झाल्यावर चमू कोसळणार नाही एवढी तयारी कोणी करून ठेवली होती, हा प्रश्न शेवटी प्रशिक्षकाकडेच येतो, असे मला वाटते.

या वादाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला एक माणूस म्हणजे जिम हारबॉ. मिशिगनचा क्वार्टरबॅक म्हणून त्याने १९८६ मध्ये कोलंबसमध्ये जिंकण्याची जाहीर हमी दिली आणि २६-२४ अशी ती पाळलीही. त्याच विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून २०१५ पासून त्याचे पहिले पाचही सामने वाया गेले. २०२० चा सामना साथीमुळे झाला नाही, त्या खराब हंगामानंतर त्याने कमी पगार स्वीकारला, सहायक मोठ्या प्रमाणावर बदलले आणि २०२१ व २०२२ मध्ये सलग जिंकला. २०२३ मध्ये प्रतिस्पर्धी बाकावरून चाल कळवण्यासाठी करतात त्या खुणा चोरल्याच्या प्रकरणावरून परिषदेने त्याला निलंबित केले होते. मैदानाकाठी शेरोन मूर उभे राहिले आणि मिशिगन ३०-२४ असे जिंकले. प्रशिक्षक मैदानात नसतानाही जिंकता येते हा त्यातून निघणारा अर्थ वरवरचा आहे, कारण आठवडाभराची तयारी निलंबनाच्या कक्षेत नव्हती. त्या प्रकरणाचा नियमपुस्तकावरचा परिणाम मात्र ठोस होता: २०२४ च्या हंगामापासून महाविद्यालयीन फुटबॉलच्या वरच्या गटात प्रशिक्षकाला क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधील रेडिओवरून थेट बोलण्याची परवानगी मिळाली. बाकावरून खूण करण्यालाही एके काळी ज्या खेळात मनाई होती, तिथे प्रशिक्षक आता क्वार्टरबॅकच्या कानात बसला आहे.

त्याच वर्षी मिशिगनच्या डेव्हिस वॉरनने एकूण ६२ यार्डांचे पास फेकले, दोन चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले, आणि तरी कोलंबसमध्ये मिशिगन १३-१० असे जिंकले. ओहायो स्टेटचे प्रशिक्षक रायन डे यांना काढून टाका असा गजर सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याच संघाने, मिशिगनकडून हरलेल्या आपल्या त्याच क्वार्टरबॅकसह, राष्ट्रीय विजेतेपद पटकावले, आणि नोव्हेंबरमध्ये नव्या क्वार्टरबॅकसह ॲन आर्बरमध्ये २७-९ अशी बाजी मारली.