मेपल सिरप : लहान प्रमाणावरील उत्पादन

शर्करा मेपल (एसर सॅकॅरम) आणि त्याच्या काही जातभाईंच्या खोडातून हिवाळा सरताना वाहणारा रस आटवून केलेला पाक म्हणजे मेपल सिरप. हे झाड मूळचे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले. कॅनडातील क्वेबेक, ऑन्टारियो, न्यू ब्रन्सविक आणि अमेरिकेतील व्हर्माँट, न्यूयॉर्क, मेन या पट्ट्यात हा व्यवसाय एकवटला आहे. जगातले सुमारे 70 टक्के सिरप एकट्या क्वेबेकमधून येते. अमेरिकेत पहिला क्रमांक व्हर्माँटचा असून शर्करा मेपल 1949 पासून त्या राज्याचा राज्यवृक्ष आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः व्हर्माँट आणि आसपासच्या लहान उत्पादकांविषयी आहे. घरामागच्या दहा-वीस झाडांना बादल्या टांगणारी माणसे त्यात येतात, तशीच शे-दोनशे झाडांचा रस लाकडाच्या भट्टीवर आटवणारी शेतकरी कुटुंबेही. या कामाला तिकडे ‘शुगरिंग’ म्हणतात, मेपलच्या राईला ‘शुगरबुश’ आणि भट्टीच्या खोपटाला ‘शुगरहाऊस’.

लहान उत्पादकाची सारी कसोटी वेळेची असते. रस कधी वाहणार हे हवामान ठरवते, आणि वाहिलेला रस गारठ्यातही दोन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही. त्यामुळे हंगाम सुरू झाला की झोप, नोकरी, पाहुणे सगळे भट्टीच्या सोयीने चालते.

रस का वाहतो : उन्हाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न खोडात पिष्टाच्या रूपाने साठते आणि थंडीत त्यातल्या काही भागाची साखर होते. मेपलच्या लाकडाचे एक वेगळेपण आहे. इतर अनेक झाडांच्या काष्ठतंतूंत पाणी असते. मेपलच्या तंतूंत वायू असतो. रात्री पारा शून्याखाली गेला की वाहिन्यांतले पाणी या तंतूंत शिरून त्यांच्या भिंतींवर गोठते, आतला वायू दाबला जातो आणि खोडात तयार झालेल्या ओढीमुळे मुळांतून आणखी पाणी वर चढते. दिवसा तापमान चार-पाच अंश सेल्सिअसवर आले की बर्फ वितळतो, दाबलेला वायू पसरतो आणि रस जोराने वाहिन्यांत परत येतो. खोडाला भोक असेल तर तिथून तो बाहेर पडतो. रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे अशी आलटापालट चालू असेपर्यंतच धार चालू राहते. सलग कडाका पडला तर थेंबही येत नाही, आणि सलग ऊब राहिली तरी काही दिवसांत धार आटते. व्हर्माँटमध्ये हा काळ साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा. मार्चच्या पहिल्या मंगळवारी तिथल्या गावांची वार्षिक ग्रामसभा भरते, आणि भोके पाडायची ती त्या दिवसाच्या आसपास, असा जुना रिवाज आहे. हल्ली ऊब लवकर येऊ लागल्याने अनेक जण त्याआधीच काम उरकतात.

भोक आणि तोटी : छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास किमान 25 ते 30 सेंमी. असेल तरच झाडाला भोक पाडावे, असा संकेत आहे. खोड 45 सेंमी.च्या पुढे गेल्यावर दुसरी तोटी चालते. पूर्वी 11 मिमी.चे भोक पाडत, आता 8 मिमी.चे पाडतात, रस जवळजवळ तेवढाच मिळतो आणि जखम लवकर भरते. भोक 4 ते 5 सेंमी. खोल आणि किंचित वरच्या दिशेने नेतात, म्हणजे रस आपसूक बाहेर ओघळतो. गिरमिटाला लागून येणारा भुसा नीट पाहावा लागतो. तो मलईच्या रंगाचा असेल तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी निघाला तर जुन्या जखमेमागचे मृत लाकूड लागले असे समजून जागा बदलायची. झाड प्रत्येक जखमेच्या वर-खाली लाकडाचा एक पट्टा कायमचा बंद करून टाकते आणि त्या पट्ट्यातून पुन्हा रस येत नाही. म्हणून दर वर्षी नवे भोक जुन्यापासून बाजूला आणि वर किंवा खाली सरकवून घेतात. कोणत्या झाडाला कुठे भोके पडली हे ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवले जाते, त्याची राई शंभर वर्षेही रस देते.

तोटी हलक्या हाताने ठोकून बसवतात; जोर जास्त लागला तर लाकूड उभे चिरते आणि रस चिरेतून वाया जातो. तोटीला झाकणाची बादली टांगली जाते. रस ओढणारा पंप न लावता एका तोटीतून हंगामभरात साधारण 40 लिटर रस मिळतो, म्हणजे सुमारे लिटरभर सिरप. ताजा रस पाण्यासारखा नितळ असतो आणि गोडी जेमतेम जिभेला लागते. रात्री बादलीत वर बर्फाची चकती जमली तर काही जण ती काढून फेकतात. बर्फात साखर कमी राहते आणि खालचा रस तेवढा दाट मिळतो. जुन्या बाजारातल्या पत्र्याच्या बादल्या दिसायला सुंदर असल्या तरी त्यांच्या सांध्यांना शिशाचा डाग दिलेला असू शकतो. त्या शोभेला ठेवाव्यात, रसासाठी वापरू नयेत.

आटवणे : शर्करा मेपलच्या रसात साधारण 2 टक्के साखर असते, एखाद्या झाडात 3 किंवा त्याहून जास्त. किती रसाचे किती सिरप होईल हे काढायला व्हर्माँटमध्ये ‘86चा नियम’ रूढ आहे : 86ला रसातील साखरेच्या टक्केवारीने भागायचे. 2 टक्क्यांच्या रसाला 43 लिटरमागे एक लिटर, 3 टक्क्यांच्या रसाला सुमारे 29 लिटरमागे एक. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाशी ताडून पाहिले की या कामाचा भार लक्षात येतो. उसाच्या रसात साखर याच्या कितीतरी पट असते, आणि काहिलीखाली जाळायला त्याच उसाचे चिपाड मिळते. मेपलवाल्याला जवळजवळ सगळा रस वाफ करून उडवायचा असतो आणि सरपण वेगळे जमवावे लागते. ते आदल्या वर्षी तोडून, फोडून, वाळवलेले हवे. एका कॉर्डमध्ये, म्हणजे 128 घनफूट रचलेल्या लाकडात, चांगल्या भट्टीवर साधारण 25 गॅलन, म्हणजे 95 लिटरच्या आसपास सिरप होते. घरच्या उघड्या चुलीवर त्याहून बरेच कमी.

सिमेंटच्या विटा रचून केलेली चूल आणि वर स्टीलची पसरट पातेली ही नवशिक्याची भट्टी. पातेले खोल असण्यापेक्षा रुंद असणे महत्त्वाचे, कारण वाफ पृष्ठभागावरूनच जाते. दोन फूट बाय तीन फुटांच्या पातेल्यातून चांगल्या जाळावर तासाला 20 लिटरच्या आसपास पाणी उडते. स्वयंपाकघरात हे काम करू नये. एवढी वाफ कोंडली की भिंतींवरचा कागदही सुटून येतो. शुगरहाऊसच्या छपरावर वाफेसाठी उघडझाप होणारा झरोका ठेवलेला असतो तो यासाठीच. खऱ्या भट्टीत दोन भाग असतात : मागच्या, पन्हाळीदार तळाच्या भागात रस झपाट्याने आटतो, मग पुढच्या सपाट भागात आडपडद्यांमधून वळणे घेत दाट होत जातो.

पाक होत आला की खरी परीक्षा सुरू होते. फेस अचानक कडेपर्यंत चढतो. तेव्हा लोण्याचा कण किंवा सायीचा थेंब टाकला की तो क्षणात बसतो. पूर्वी पातेल्यावर डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीने टांगून ठेवत, म्हणजे फेस त्याला लागताच खाली जाई. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे 4 अंश सेल्सिअस वर तापमान गेले की सिरप झाले. हा उत्कलनबिंदू हवेच्या दाबाबरोबर रोज बदलतो, म्हणून आधी त्या दिवशीचे उकळते पाणी तपासून घ्यायचे. जुनी माणसे पसरट पळी पाकात बुडवून आडवी धरतात. कच्चा पाक थेंबाथेंबाने गळतो. तयार पाक पळीच्या कडेवर पडद्यासारखा लोंबतो आणि मग अख्खा तुटून पडतो. मोजमापाने बोलायचे तर साखर 66 टक्के हवी; व्हर्माँटचा कायदा 66.9 टक्के मागतो. कमी आटवलेले सिरप आंबते किंवा त्यावर बुरशी येते, आणि जास्त आटवलेल्यात बाटलीच्या तळाशी खडे धरतात. शेवटचे काही लिटर उरतात तेव्हा मिनिटभराचे दुर्लक्ष पातेले करपवायला पुरते, आणि दिवसभराची मेहनत जाते.

आटताना रसातले खनिज क्षार, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट, वाळूसारखे खाली बसतात. गरम सिरप लोकरीच्या जाड गाळणीतून गाळून ते काढतात आणि किमान 82 अंशांवर असतानाच बाटल्यांत भरून झाकण लावतात.

रंग आणि प्रती : हंगामाच्या सुरुवातीचे सिरप फिकट सोनेरी आणि चवीला नाजूक असते. दिवस तापू लागले की रसात सूक्ष्मजंतू वाढतात, सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ते आटताना रंग आणि चव दोन्ही गडद होतात. अमेरिकेत 2015 पासून सोनेरी, अंबर, गडद आणि अतिगडद अशा चार प्रती मानल्या जातात. प्रत केवळ रंग आणि चवीची असते, शुद्धतेची नव्हे. स्वयंपाकाला गडद सिरपच उत्तम, कारण त्याची चव इतर पदार्थांत हरवत नाही. कळ्या फुगल्या की रसाला एक उग्र, नकोसा वास येतो आणि तिथे हंगाम संपतो. बेडूक ओरडू लागल्यावर येणाऱ्या शेवटच्या रसाला त्या भागात बेडकांच्या नावानेच ओळखतात.

इतिहास : युरोपीय लोक येण्याआधीपासून अबेनाकी, हॉडेनोशॉनी, अनिशिनाबे आदी मूळनिवासी समाज हा रस काढत आले आहेत. सालीला चर पाडून, भूर्जाच्या सालीच्या भांड्यांत रस गोळा करून ते तो आटवत. पुढे व्यापारातून धातूच्या कढया आल्या. टिकायला आणि वाहून न्यायला सोपी म्हणून ते प्रामुख्याने कोरडी साखर करत. अनिशिनाबेंपैकी ओजिब्वे समाजात साखर करण्याच्या छावणीचा कारभार बहुधा बायकांच्या हाती असे. अनिशिनाबे कथेत झाडांतून थेट दाट सिरप गळे. लोक कामधंदा सोडून झाडाखाली तोंड उघडून पडलेले पाहून नानाबोझो या कथानायकाने झाडांत पाणी ओतले, आणि तेव्हापासून रस आटवण्याचे कष्ट आले. वसाहतवाल्यांनी ही विद्या या समाजांकडूनच घेतली. त्यांचा उल्लेख आजच्या बाटल्यांवर अभावानेच दिसतो, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गुलामगिरीविरोधी गटांनी गुलामांच्या श्रमातून आलेल्या उसाच्या साखरेला पर्याय म्हणून मेपल साखरेचा पुरस्कार केला. फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश यांनी 1791 मध्ये थॉमस जेफरसन (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) यांना उद्देशून यावर लिहिले. जेफरसन यांनी त्याच वर्षी व्हर्जिनियातील आपल्या मॉन्टिसेलो या मळ्यात मेपलची रोपे लावली, पण प्रयोग फसला; तो मळाही गुलामांच्या श्रमावरच चालत होता. पुढे उसाची साखर स्वस्त झाली आणि मेपलवाले साखरेकडून सिरपकडे वळले. 1946 मध्ये व्हर्माँट विद्यापीठाने अंडरहिल येथे प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्र सुरू केले. लहान भोके, तोट्यांची स्वच्छता आणि बादल्यांऐवजी रस वाहून आणणाऱ्या नळ्यांविषयीचे बरेचसे ज्ञान तिथून आले.

खाद्यसंस्कृती : पॅनकेक आणि वॉफलवर सिरप घेणे सर्वत्र रूढ आहे. हंगामाचा खास पदार्थ मात्र वेगळाच. सिरप आणखी आटवून दाबलेल्या स्वच्छ बर्फावर ओततात आणि चिवट झालेली ती पट्टी काट्याला गुंडाळून खातात. व्हर्माँटमध्ये सोबत साधे डोनट आणि आंबट काकडीचे लोणचे असते. लोणच्याने जिभेची गोडी उतरते आणि पुन्हा खाता येते. क्वेबेकमध्ये शुगरहाऊसमधल्या जेवणावळींना मोठी गर्दी होते. भारतात विकत घेताना घटक वाचावेत : ‘पॅनकेक सिरप’ म्हणून मिळणारे पदार्थ बहुधा मक्याच्या साखरेचे असतात, त्यांत मेपल नसतेच. बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी.

झाडांची निगा : हंगाम संपताच तोट्या काढून घेतात. भोकात बूच किंवा मेण भरत नाहीत. सशक्त झाड ते एक-दोन वर्षांत स्वतःच बुजवते. जानेवारी 1998च्या बर्फवादळाने क्वेबेक, ऑन्टारियो, न्यूयॉर्क आणि व्हर्माँटमधील असंख्य मेपलांच्या फांद्या मोडल्या. अशा झाडांना पुन्हा पालवी धरेपर्यंत भोक न पाडणे हेच शहाणपणाचे. मेपलचे खोड पोखरणारा आशियाई लांबशिंगी भुंगेरा 2008 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे सापडला आणि तो रोखण्यासाठी हजारो झाडे तोडावी लागली. अशी कीड लाकडातून पसरते, म्हणून परगावचे सरपण आणू नये, हा नियम तेव्हापासून मेपलवाले अधिक कसोशीने पाळतात. राईत फक्त मेपल न ठेवता भूर्ज, बीच अशी झाडेही राखली तर किडींचा फैलाव मंदावतो. रोप भोक पाडण्याजोगे व्हायला साधारण 40 वर्षे लागत असल्याने मोठ्या झाडांखालची आपोआप उगवलेली रोपे गुरांपासून आणि हरणांपासून जपणे हे प्रत्येक राईचे वर्षभराचे काम आहे.