मीराबाई रिओत नापास झाली म्हणजे नक्की काय झालं?

आमचं घर बडोद्याला, दांडिया बाजारात, प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्याजवळ. जोर, बैठका, मल्लखांब, जोडी हे सगळं इथल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, दहा खंडांचा व्यायामज्ञानकोशसुद्धा याच गावातून निघाला. पण ऑलिंपिकमधलं वेटलिफ्टिंग आमच्या घरात आलं ते भाचीमुळे, ती दीड वर्ष शिकतेय. आणि आपली वेटलिफ्टर मीराबाई चानू हिचा विषय निघाला की आईचा प्रश्न ठरलेला, "अगं, ती मीराबाई रिओत नापास झालेली ना, मग एवढं नाव कसं?" तिला समजावता समजावता हे लिहायला बसले.

आधी पूर्वी काय होतं ते. १९७२ पर्यंत प्रेस (खांद्यावरून नुसत्या हातांच्या जोरावर वर ढकलणं), स्नॅच (जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) असे वजन उचलण्याचे तीन प्रकार होते, मग प्रेस काढून टाकला कारण लोक कंबरेतून इतके मागे वाकायचे की पंचांना निर्णय देणं अवघड झालं. राहिले दोन. बायकांना तर ऑलिंपिकमध्ये जागाच २००० साली सिडनीला मिळाली, आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने २४० किलो करून ब्राँझ आणलं. प्रत्येक प्रकारात तीन अटेम्प्ट, दोन्हींतल्या बेस्टची बेरीज म्हणजे टोटल, एका प्रकारात तिन्ही चुकले की टोटलच नाही. स्नॅच कितीही चांगला असू दे.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मीराबाईचं हेच झालं. सहा अटेम्प्टपैकी स्नॅचचा एकच धरला गेला, क्लीन अँड जर्कचे तिन्ही गेले, नावापुढे आकडाच नाही. बाई कमजोर नव्हती हो, दोन वर्षांआधी ग्लासगोच्या कॉमनवेल्थमध्ये सिल्व्हर घेतलेलं तिने! मणिपूरच्या नोंगपोक काकचिंगहून वाळूच्या ट्रकमध्ये लिफ्ट मागत इंफाळला ट्रेनिंगला जाणारी मुलगी ती, टोकियो ऑलिंपिकनंतर त्या ट्रकवाल्यांना बोलावून तिने त्यांचा सत्कार केला, ते वाचताना मला रडू आलं होतं.

मला विचाराल तर तिचं अख्खं करिअर क्लीन अँड जर्कच्या आकड्यात वाचावं. रिओत काहीच नाही, आणि पुढच्याच वर्षी अनाहाइमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये १०९, टोटल १९४, गोल्ड. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या कॉमनवेल्थमध्ये ११०. मग पाठीचं दुखणं, खांद्याचा त्रास, २०२० मध्ये उपचारासाठी अमेरिकेत सेंट लुइसला जावं लागलं, आणि तिथून आल्यावर एप्रिल २०२१ ला ताश्कंदच्या एशियन चॅम्पियनशिपमध्ये ११९ किलो, वर्ल्ड रेकॉर्ड! स्वतःचं वजन ४९ च्या आत आणि डोक्यावर ११९. भाचीच्या हातात बार बघितला की मला हे खरंच वाटत नाही, बायकांचा रिकामा बारच १५ किलोचा असतो, अंगठा बारला लावून वरून बोटांनी दाबून धरायचा, सुरुवातीचे महिने त्या अंगठ्याची सालं निघतात, रात्री तिला तेल लावून द्यायचे मी.

टोकियोत स्नॅच ८७ आणि क्लीन अँड जर्क ११५, टोटल २०२, सिल्व्हर. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये गोल्ड. पॅरिस ऑलिंपिकला १९९ करून चौथी, ब्राँझवालीचे २००. एका किलोने गेलं. आई त्या रात्री जेवली नाही नीट.

त्यानंतर वर्षभर ती स्पर्धेत दिसली नाही, आणि परतली ती थेट आमच्या शेजारी, ऑगस्ट २०२५ ला अहमदाबादच्या कॉमनवेल्थ चॅम्पियनशिपमध्ये. वजनगट बदलून ४९ चा ४८ झालेला, म्हणजे वयाच्या ३१ व्या वर्षी एक किलो अजून कमी ठेवायचं आणि ताकद तीच ठेवायची, हे बोलायला सोपंय. ८४ अधिक १०९, गोल्ड मिळालं पण क्लीन अँड जर्क परत अनाहाइमच्या आकड्यावर. घरात आम्ही सगळे म्हणालो झालं आता, भाची एकटी म्हणाली, "मावशी, ती अजून पूर्ण वजन लावत नाहीये, थांब तू."

ऑक्टोबरमध्ये नॉर्वेत फोर्डेला वर्ल्ड चॅम्पियनशिप. स्नॅच ८४ च, मग क्लीन अँड जर्कला १०९, ११२, आणि शेवटच्या अटेम्प्टला ११५, टोकियोत केलेलं तेच वजन. टोटल १९९, पॅरिसला याच टोटलवर चौथी आली होती, इथे सिल्व्हर.